लुगड्यावर मांडलेला गिअरबॉक्स

काचेचा दरवाजा ढकलून नर्स बाहेर आली आणि सुदामचं नाव घेऊन म्हणाली, "यांचं कोण आहे?" मी हात वर केला. "तुम्ही कोण त्यांच्या?" म्हटलं, वैनी. ती हातातल्या कागदाकडं बघत म्हणाली, "बायको, मुलं?" म्हटलं, नाहीत. "मग जवळचं कुणी?" म्हटलं, "बाई, जवळचं म्हणजे किती जवळचं लागतंय तुला? मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय." तिनं मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यातच मला कळलं. माझा धाकटा दीर गेला होता. सकाळची वेळ होती, खालच्या कँटीनमधून पोह्याच्या फोडणीचा वास येत होता. माझ्या मांडीवर एक गाठोडं होतं, त्यात ऑपरेशनच्या आधी त्याच्या अंगावरून उतरवलेल्या वस्तू होत्या. तेव्हापासून मी ते कुणाच्या हातात दिलं नव्हतं. नर्सला वाटलं म्हातारी पडेल, म्हणून तिनं पाण्याचा पेला आणला. मी पाणी प्यायले. तहान लागली होती.

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, सुदामराव म्हणजे देवमाणूस. नव्हता. हट्टी होता, खोकत खोकत तंबाखू खायचा, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून द्यायचा. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती सांगितली की लोक आधी हसतात. सुदामनं आमच्या चिकलठाण्याच्या घरात, पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतः उघडला होता, आणि त्याचा एकेक भाग माझ्या जुन्या लुगड्यावर मांडला होता. मला ही गोष्ट हसण्यासाठी सांगायची नाही.

मी लग्न होऊन फुलंब्रीजवळच्या त्यांच्या गावात आले तेव्हा सगळी पोरं नवरी बघायला धावत आली. एक पोरगा ओसरीतच बसून राहिला. तो सुदाम. तान्हा असताना ताप येऊन त्याचा डावा पाय वाळून गेला होता. सासूबाई शेतात जायच्या, म्हणून तो माझ्या कडेवर आला. वजनाला हलका, तोंडाला तिखट. मी दमले की म्हणायचा, "वैनी, मला भिताडाला टेकून ठेव, पळून जात नाय मी." पुढं तो शाळेत जायला लागल्यावर कुणीतरी सासऱ्यांना सांगितलं, शहरातल्या दवाखान्यात पायाचं ऑपरेशन होतं. नेला. पाय उघडला, आत काहीतरी केलं, प्लॅस्टर घालून पाठवून दिला. सासऱ्यांनी डॉक्टरला एक शब्द विचारला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी उद्धटपणा होता. प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय होता तसाच होता, वर मांडीपासून घोट्यापर्यंत एक लांब वण. सुदाम त्या वणावर बोट फिरवत मला म्हणाला, "वैनी, माझ्या पायात आत काय हाये?" म्हटलं, हाडं असतील. "हाडं तर बोकडाच्याबी पायात असतेत. माझ्या पायात काय निघालं?" मला सांगता आलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि सांगता येईल अशा माणसाला कुणी विचारलं नव्हतं. तो परत परत विचारायचा, मग विचारायचा थांबला… पण विसरला नाही.

त्यानंतर घरात जे बंद असेल ते तो उघडायला लागला. उन्हाळ्यात मी शेवयांचं यंत्र घासून ठेवलं, तर पठ्ठ्यानं ते सगळं खोलून परातीत मांडलं. मी पाठीत धपाटा घातला. त्यानं रडत रडत परत जोडलं, एक चकती उरली, आणि त्या वर्षी आमच्या घरच्या शेवया केसासारख्या बारीक आल्या. गल्लीतल्या बाया पीठ घेऊन आमच्याकडं यायला लागल्या. उरलेली चकती त्यानं दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

पुढं त्यानं आयटीआय केलं आणि चिकलठाण्यातल्या एका कंपनीत मशीन दुरुस्तीच्या खात्यात लागला. आमचे हे, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, शहागंजात कापडाच्या दुकानात होते. आम्ही सगळे गाव सोडून इथं आलो. सुदामला मुली बघितल्या. एकीनं होकार दिला होता, मग तिच्या मामानं त्याला बसस्टँडपर्यंत चालताना बघितलं. त्यानंतर त्यानं आम्हाला मुली बघू दिल्या नाहीत. हे गेले, माझा विलास नोकरीला पुण्याला गेला, आणि घरात मी आणि सुदाम राहिलो. लोक बोलले. लोकांना कामं नसतात. मी सकाळी भाकरी टाकायचे, तो डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर चढवायचा, आणि त्या पट्ट्यांचा खटखट आवाज शेडमधून फाटकापर्यंत गेला की मला कळायचं, दिवस सुरू झाला.

रिटायर झाल्यावर त्यानं जुनी गाडी घेतली. मी म्हटलं, "तुला क्लच दाबता येत नाय, गाडी काय पूजेला आणलीस?" तर म्हणाला, "वैनी, हिला क्लचच नाय. हिला माझ्या डाव्या पायाची गरजच नाय. आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी भेटलं असं." ऑटोमॅटिक म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तो डावा पाय बाजूला पाहुण्यासारखा ठेवून द्यायचा आणि एका उजव्या पायावर सगळं शहर फिरवायचा. रविवारी शहागंजात मिरच्या, मसाला घ्यायला, पंधरवड्याला गावाकडं. रिक्षावाल्यापुढं पाय ओढत ओढत चढणारा माणूस सिग्नलला काच खाली करून हात बाहेर टेकवायला लागला. मी त्याला इतकं ताठ बसलेलं आधी कधी बघितलं नव्हतं.

मग एकदा गावाकडून येताना चढावर गाडीनं जीव सोडला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. कसलातरी करपल्याचा वास आला. चार माणसांनी ढकलून ती बाजूला घेतली, टोचन करून फिरोजभाईच्या गॅरेजला आणली. फिरोजभाई म्हणजे बरीच वर्षं आखातात राहून आलेला माणूस. असले गिअरबॉक्स खोलणारा आमच्या भागात तोच. त्यानं तेल मोजायची पट्टी काढून नाकाला लावली आणि म्हणाला, "सुदामभाऊ, अंदर की प्लेटां जल गयीं. पूरा डब्बा खोलना पडता. गाडी छोड के जाओ, हो गयी तो फोन करतूं." सुदाम म्हणाला, "मी इथं बसतो. तू खोल, मी बघतो." "नक्को भाऊ. कस्टमर सामने बैठा तो मेरा हात नै चलता. मेरे पे छोडो ना." सुदामनं गाडी परत टोचन करून घरी आणली.

मी फिरोजभाईच्या बाजूनं होते, हे सांगून टाकते. ज्याचं काम त्यानं करावं. विलास तर फोनवर ओरडतच होता, "आई, काकाला म्हण, ती भंगारात दे, मी दुसरी बघतो." मी सुदामला म्हटलं, "न्हाव्याकडं गेल्यावर आपण वस्तरा मागतो का? डोकं खाली घालून बसतो." तो म्हणाला, "न्हावी निदान शेवटाला आरसा तरी दाखवतो, वैनी."  त्याच्या मनात कोणता वण होता ते मला माहीत होतं. 

मग आमच्या शेडमध्ये कारखाना सुरू झाला. शेडच्या आडव्या लोखंडी गर्डरला चेनकुप्पी टांगली, म्हणजे जड वस्तू साखळीनं वरखाली करायची कप्पी. जुन्या कंपनीतले दोघं तिघं येऊन त्यांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि गिअरबॉक्स खाली उतरवून दिला. बाकी सगळं सुदामचं. त्यानं पोत्यावर बैठक मारली आणि मला म्हणाला, "तुझं एखादं मऊ लुगडं दे. लई जुनं." मी हिरवं सुती लुगडं दिलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. ते फरशीवर पसरलं, त्याच्या एका टोकाला मी बसले, आणि त्यानं मला काम लावून दिलं. तो एक भाग काढणार आणि म्हणणार, "काढलं." मी तो घेऊन आधीच्या भागाच्या शेजारी मांडणार आणि म्हणणार, "ठेवलं." मी ठेवलं म्हटल्याशिवाय तो पुढच्याला हात लावणार नाही. "क्रम चुकला की संपलं, वैनी. जोडताना उलट यायचंय." मी म्हटलं, "मला पापड वाळत घालायला शिकवू नको. पहिला कोणता आणि शेवटचा कोणता, मला झोपेत कळतं."

आत काय काय होतं, बघणाऱ्याला खरं वाटणार नाही. भोपळ्याएवढं एक गोल भांडं, त्यात तेल फिरतं आणि त्या तेलाच्या जोरावर गाडी ओढली जाते. डब्यात डबा, त्यात डबा. भाकरीच्या चवडीसारख्या पातळ चकत्या, एक लोखंडाची, एक खरबरीत, त्या खरबरीत चकत्या जळून काळ्या झालेल्या. आणि एक सपाट ठोकळा, त्यात मुंग्यांच्या वारुळासारख्या वाटा कोरलेल्या, त्या वाटांत बोटाएवढ्या सळ्या पुढंमागं सरकतात. तेल कोणत्या वाटेनं सोडायचं ते त्या सळ्या ठरवतात. सुदाम एकेक भाग उजेडाकडं धरून मला दाखवायचा. "ही बग. हिच्यामुळं आपण चढ चढतो." लहान असताना त्याला जे कुणी दाखवलं नाही ते तो मला दाखवत होता. मला निम्मं कळायचं. पण मी व्हय व्हय म्हणायचे, आणि उठून जायचे नाही. भाजी लागली तरी.

नवीन चकत्या आल्या. त्या घालायच्या आधी तेलात भिजत ठेवायच्या असतात, म्हणून माझी पुरणाची परात गेली. मग जोडणी. आता उलट चाललं. मी शेवटच्या टोकाकडून एकेक भाग उचलून द्यायचे आणि म्हणायचे, "दिलं." तो बसवायचा आणि म्हणायचा, "बसलं." प्रत्येक भाग बसवायच्या आधी लुगड्याच्या पदरानं पुसायचा, तान्ह्या लेकराला पुसावं तसा. मधेच दम खायला थांबायचा. तेव्हा मला वाटलं, वाकून बसल्यामुळं असेल.

सगळं बसलं. एकही भाग उरला नाही. शेवयांच्या यंत्राची आठवण काढून आम्ही दोघं हसलो. गाडी खाली उतरवली, तेल भरलं, त्यानं चावी फिरवली. गाडी मागं गेली, पुढंही गेली, आणि फाटकाबाहेर पडल्यावर वेग धरायच्या वेळेला धक्के द्यायला लागली. पुढचा गिअर पडेना. त्यानं दोनतीन फेऱ्या मारल्या, परत आणून शेडमध्ये लावली, आणि पायरीवर बसला. कॅलिपर काढलं नाही, जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी म्हटलं, "अरे, लोखंडच हाये." तो म्हणाला, "माझ्या हातानं उघडलं, वैनी. तरी मला दिसंना आत काय बिघडलंय." एवढंच बोलला. मी आमच्या घरात मरणं बघितली होती, पण सुदामचं तोंड असं बघितलं नव्हतं.

मी पायात चप्पल घातली, रिक्षा केली आणि फिरोजभाईच्या गॅरेजला गेले. तो गाडीखाली होता. मी त्याच्या पायांशी बोलले. "फिरोजभाई, आमच्या घरी ये." तो खालूनच म्हणाला, "खाला, डॉक्टर मरीज के घर आके आपरेशन करता क्या?" म्हटलं, "आपरेशन करू नको. हातसुद्धा लावू नको. खुर्चीत बस, चहा पी आणि बघ. हात सुदामचे, नजर तुझी." तो सरकत बाहेर आला, हात पुसत माझ्याकडं बघत राहिला. "हाथ नै लगाने का? ऐसा काम मैं जिंदगी में नै किया खाला." म्हटलं, "मग कर एकदा. हाताला तेल न लावता." तो हसला. म्हणाला, जुम्म्याला गॅरेज बंद असतं, नमाज पढून येतो.

तो आला. खुर्चीत बसला, चहा घेतला, आणि खरंच त्यानं हात मांडीखाली दाबून ठेवले. तिथं बसून एकेक सांगायला लागला. गिअरबॉक्स न उतरवता खालून तो वारुळाचा ठोकळा तेवढा काढायला लावला. "अब वो सळी खींचो… आहिस्ते. अटक रही क्या? हौ. बॅटरी मारो अंदर." सुदामनं चिमट्यानं सळी ओढली आणि तिच्याबरोबर एक हिरवट धागा बाहेर आला. केसाएवढा. फिरोजभाईनं धाग्याकडं बघितलं, मग फरशीवरच्या लुगड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "खाला, चोर तो तुमारे घर का निकला!"

आमच्या घरात सगळ्यांनाच वाटतं, मऊ कापड म्हणजे स्वच्छ कापड. लेकराला जुनं लुगडं, देवाला जुनं लुगडं, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला जुनं लुगडं. सुदामला यंत्राचं सगळं कळत होतं, पण हे लुगडं त्याच्या लहानपणापासूनचं. त्यावर तो संशय घेणार नव्हता. फिरोजभाई म्हणाला, "इसकू कपडा लगाने का नै भाऊ. धोने का, हवा मारने का, बस. ये मेरे कू भी एक बुड्ढे अरब ने गाली देके सिखाया." सुदाम इतका हसला की हसता हसता खोकला लागला, आणि खोकता खोकता डोळ्याला पाणी आलं. "वैनी, सगळा गिअर तुझ्या लुगड्यानं धरून ठेवला व्हता गं." म्हटलं, "लुगडं तू मागितलंस. पुसलंसही तूच."

धुतलं, सायकलच्या पंपानं हवा मारली, परत बसवलं. "दिलं." "बसलं." फिरोजभाई खुर्चीत बसून प्रत्येक "बसलं"ला मान हलवायचा. संध्याकाळी गाडी फाटकाबाहेर गेली ती वाऱ्यासारखी गेली. तिघंही बसलो होतो. फिरोजभाई मागं बसून म्हणत होता, "अब मेरे पेट पे लात मत मारो, दुकान मत खोलो." ती गाडी त्यानंतर कधी अडली नाही.

अडला तो सुदाम. दम वाढला. दोन पावलांवर थांबायचा. तपासण्या झाल्या आणि हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल असं निघालं. छाती उघडायची. त्यानं तपासणाऱ्या डॉक्टरला विचारलं, "काय काय काढणार, काय काय घालणार?" डॉक्टर चांगला होता, पण घाईत होता. म्हणाला, "काका, तुम्ही कशाला विचार करता? आमच्यावर सोपवा." झालं. सुदाम उठला आणि गाडीत येऊन बसला. घरी आल्यावर म्हणाला, "नाय करायचं." विलासनं पुण्याहून येऊन समजावलं, रागावला, रडलासुद्धा. नाही म्हणजे नाही. मला बाजूला घेऊन सुदाम म्हणाला, "वैनी, तिथं माझ्या वेळंला 'ठेवलं' म्हणायला कोण असंल?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "तुला आत कोण सोडतंय?" म्हटलं, "ते मी बघते."

मी दवाखान्यात गेले. ऑपरेशन करणाऱ्यांच्या बरोबरीची एक डॉक्टरीण होती, लहान वयाची. तिला म्हटलं, "बाई, हा माणूस मरणाला भीत नाही. न सांगता उघडण्याला भितो. याला लहानपणी उघडलं आणि काय निघालं ते कुणी सांगितलं नाही. तू सांग, मग तो येईल." तिला काय वाटलं कोण जाणे. ती सुदामपुढं प्लॅस्टिकचं हृदय घेऊन बसली. त्याचे कप्पे उघडतात. सुदामनं ते हातात घेतलं, उघडलं, बंद केलं, परत उघडलं. तिला इतके प्रश्न विचारले की तिची चहाची वेळ गेली. शेवटी तिला म्हणाला, "पोरी, पुसायला कापड वापरू नको फक्त." तिला काही कळलं नाही. मला कळलं. तो तयार झाला.

लोक मला हळूच विचारतात, नसतं केलं तर? मी सांगते, नसतं केलं तर तो खुर्चीत बसून गुदमरत गेला असता. डॉक्टरणीनं ते आधी सांगितलं होतं, आणि ते मी डोळ्यांनी बघत होते. ऑपरेशन नीट झालं. जे काढायचं ते काढलं, जे घालायचं ते घातलं, बाहेर येऊन तिनं मला एकेक सांगितलं. पण त्याची फुप्फुसं आधीच थकलेली, ती परत उभी राहिली नाहीत. कुणाची चूक नाही. चूक असती तर बरं झालं असतं, भांडायला तरी कुणी मिळालं असतं.

त्याला आत नेण्याआधीची सकाळ मला सांगायची आहे. नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं उतरवा. मी खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि मांडीवर ते हिरवं लुगडं पसरलं. घडी करून पिशवीत घालून मीच आणलं होतं, कशासाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सुदामनं ते बघितलं. घड्याळ काढलं आणि म्हणाला, "काढलं." मी घड्याळ लुगड्यावर मांडलं. "ठेवलं." चष्मा. "काढलं." "ठेवलं." मग कॅलिपर आणि त्याला जोडलेला बूट, ते काढायला त्याला वेळ लागला, मी घाई केली नाही. मग कवळी. कवळी काढल्यावर त्याचं "काढलं" बोबडं आलं आणि तो बिनदाताचा हसला, अगदी ओसरीतल्या पोरासारखा… शेवटी करदोडा राहिला. नर्स कात्री घेऊन आली. आमच्यात जित्या माणसाच्या कमरेचा करदोडा तोडत नाहीत. तो माणूस गेल्यावर तोडतात. नवा बांधल्याशिवाय जुना सोडतसुद्धा नाहीत. सुदाम म्हणाला, "कात्री नको, सिस्टर. वैनी गाठ सोडंल." माझी बोटं आता जाड झालीत, गाठ सुटेना. नर्स उभी राहिली, चांगली पोरगी, थांबली. गाठ सुटली. त्यानं तो काळा दोरा माझ्या हातात दिला. "काढलं." मी तो सगळ्यात शेवटी, कवळीच्या शेजारी मांडला. "ठेवलं." तो म्हणाला, "क्रम हालवू नको. उलट घालायचंय. आधी करदोडा." म्हटलं, "मला शिकवू नको." चाकांची खाट निघाली. त्यानं मागं वळून बघितलं नाही, कारण आडव्या माणसाला मागं बघता येत नाही. हात तेवढा वर केला.

अंत्यविधीच्या वेळी भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या कमरेला हात घातला, करदोडा तोडायला. हाताला काही लागलं नाही. "करदोडा कुठंय याचा?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माझ्याकडं." म्हणाले, आणा, तोडावा लागतो. मी म्हटलं, "तो तोडलेला नाही, सोडलेला आहे. देणार नाही." कुणी वाद घातला नाही. फिरोजभाई फाटकाशी डोक्याला रुमाल बांधून उभा होता. खांदा द्यायला तो पुढं आला. 

गाडी मी फिरोजभाईला देऊन टाकली. डाव्या पायानं अधू असलेला एक माणूस त्याच्याकडं अशी गाडी शोधत होता. मी चावी दिली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दिलं." फिरोजभाईला त्याचं उत्तर माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि मग चावी मुठीत धरून शेडकडं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "त्या माणसाला सांग, आत काय आहे ते विचारावंसं वाटलं तर ये म्हणावं. मला माहीत आहे." ते खरं आहे. त्या लुगड्यावर तेलाचे डाग जसेच्या तसे आहेत. सोड्यानं, साबणानं, उन्हानं, कशानंच गेले नाहीत. डब्याचा मोठा गोल, चकत्यांची रांग, सळ्यांचे बारीक ठसे, ज्या क्रमानं ठेवले त्या क्रमानं.

आता शेड रिकामं आहे आणि सकाळी फाटकापर्यंत खटखट जात नाही. दुपारी भांडी झाली की मी लुगडं पसरते. डागांच्या खालच्या बाजूला जागा आहे, तिथं त्याच्या वस्तू मांडलेल्या असतात. घड्याळ, चष्मा, कॅलिपर, कवळी, करदोडा. घड्याळ अजून चालू आहे. मी शेवटच्या टोकाकडून सुरू करते. करदोडा उचलते, हात पुढं करते आणि म्हणते, "दिलं." थोडा वेळ हात तसाच धरते, कारण त्याला वाकायला वेळ लागायचा. मग हात दुखायला लागतो. करदोडा मी परत त्याच्या जागेवर ठेवते. क्रम हलू देत नाही. ठेवलं, म्हणते.